नवी क्लच प्लेट टाकूनही क्लच थरथरतो? ग्रीस कुठे लावलंय आणि किती, ते आधी बघा

चौदा महिन्यांत माझ्या जीपचा गिअरबॉक्स तीनदा खाली आला. जीप जुनी, डिझेलची, मागच्या चाकांवर चालणारी. सावंतवाडीहून आंबोली घाट चढून आजरा-गडहिंग्लजकडे माल नेणं-आणणं हे तिचं काम. पहिल्यांदा क्लच स्लिप व्हायला लागला होता आणि प्लेट खरोखरच झिजली होती, म्हणून प्लेट, तिला दाबून धरणारं प्रेशर, रिलीज बेअरिंग असा अख्खा सेट बदलला. त्या खर्चाचं काही वाटलं नाही. खरा त्रास त्यानंतर सुरू झाला.

नवा सेट टाकून दोन महिने झाले असतील. घाटात ट्रकमागे थांबून परत गाडी उचलताना अख्खी जीप थरथरायला लागली. बॉनेट हलतंय, आरसे हलतायत, शेजारी बसलेला माणूस दाराचं हँडल घट्ट धरतोय. सकाळी घरासमोरून निघताना मात्र काहीही नाही, क्लच लोण्यासारखा. अर्धा घाट चढून इंजिन आणि गिअरबॉक्स तापले की थरथर हजर. गॅरेजमध्ये सांगितलं, तर उत्तर मिळालं, ‘प्लेट डुप्लिकेट लागली.’ परत गिअरबॉक्स उतरवला, दुसऱ्या कंपनीची प्लेट टाकली. जेमतेम १८०० किलोमीटर झाले आणि तीच थरथर, तीही गरम झाल्यावरच.

तिसऱ्या वेळी मी गाडी गॅरेजला नेलीच नाही. आमच्या आळीत एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक फिटर काका राहतात. त्यांना घरी बोलावलं, घोड्या लावल्या आणि दोघांनी मिळून काम केलं. दोष प्लेटमध्ये नव्हताच. तो होता ग्रीसमध्ये, आणि तेही अशा जागी लपलेलं की आधीच्या दोन्ही वेळी ते तिथून कुणी काढलं नव्हतं. त्या दिवशी जे शिकलो आणि नंतर मित्रांच्या चार-पाच गाड्यांवर जे पडताळून पाहिलं, ते इथे लिहितोय. एकच दुखणं परत परत येत असेल, तर पुढचा सेट विकत घेण्याआधी हे वाचा.

उघडण्याआधी कान लावा

काकांनी पाना हातात घेण्याआधी मला गाडीत बसवलं. ‘झिला, पयलां कान लाव, मगे पानो लाव.’ क्लचच्या आसपास फिरणारी बेअरिंग तीन: क्रँकशाफ्टच्या टोकाला असलेलं पायलट, पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटच्या फिंगरवर (मधल्या पात्यांवर) टेकणारं रिलीज बेअरिंग, आणि गिअरबॉक्सच्या तोंडाशी क्लच शाफ्ट धरणारं पुढचं बेअरिंग. तिघं वेगवेगळ्या वेळी फिरतात. त्यामुळे आवाज नेमका केव्हा येतो, यावरून कोण बोलतंय ते बरंचसं कळतं.

इंजिन बंद ठेवून सुरुवात करा. पेडल सावकाश दाबा, सोडा. काही फिरत नसतानाही करकर ऐकू आली, तर बेअरिंगांचा संबंध नाही. पेडलचा बुश, केबल, फोर्क आणि फोर्क ज्यावर डुलतो तो गोळा, यांपैकी काहीतरी कोरडं पडलंय.

आता इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, पाय पेडलपासून दूर. या वेळी घरघर येत असेल आणि पेडल पूर्ण दाबून थोडं थांबल्यावर ती विरत असेल, तर बहुधा गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग आहे. कारण क्लच सुटला की शाफ्ट हळूहळू थांबतो आणि त्याच्याबरोबर ते बेअरिंगही. त्याला वंगण मिळतं ते गिअर ऑइलचं, ग्रीसचं नाही. तेव्हा ऑइलची पातळी बघा आणि क्लचचा सेट घ्यायला धावू नका.

उलट, पेडलवर नुसता पाय टेकवून थोडं दाबलं की चीं किंवा किर्र सुरू होत असेल, तर संशय रिलीज बेअरिंगवर. एक मात्र लक्षात ठेवा, बऱ्याच नव्या गाड्यांत हे बेअरिंग फिंगरला कायम हलकं टेकलेलं असतं. तिथे पेडल सोडलेलं असतानाही ते ओरडू शकतं, आणि पाय टेकवल्यावर आवाजाची पट्टी बदलते.

पायलटची चाचणी वेगळी. गाडी जागेवर उभी, पेडल पूर्ण दाबलेलं, पहिला गिअर टाकलेला. या क्षणी क्लच शाफ्ट थांबलेला आहे आणि क्रँक फिरतोय, म्हणजे पायलटच्या आतला आणि बाहेरचा भाग एकमेकांवर पुऱ्या वेगाने घासतायत. कर्कश ओरड फक्त इथेच येत असेल तर पायलट धरा. पायलट पार जाम झालं तर आवाजापेक्षा वाईट होतं. क्लच दाबला तरी क्रँक शाफ्टला ओढत नेतो आणि रिव्हर्स खरखरतो. पेडल दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तरीही दात वाजले, तर शाफ्ट थांबत नाहीये. कारण पायलट असेल, शाफ्टच्या खाचांवर (स्प्लाइनवर) अडकलेली प्लेट असेल किंवा क्लच हायड्रॉलिक असेल तर त्याच्या तेलात शिरलेली हवा. हवा काढणं सर्वांत स्वस्त, म्हणून आधी तेच करा.

माझ्या जीपला आवाज नव्हता, फक्त थरथर होती. थरथरीला इंजिनचे माउंटिंग रबर, वाकडी प्लेट, फ्लायव्हीलवर (इंजिनच्या ज्या जड चाकावर प्लेट टेकते त्यावर) पडलेले निळे डाग अशी इतर कारणंही असतात. माउंटिंग बघून झाले होते, ते ठीक होते. गाडी थंड असताना शहाणी आणि तापल्यावर थरथरते, या एका गोष्टीवर काका अडून बसले. रबर तुटलेलं असेल तर ते सकाळीही तुटलेलंच असतं. तापल्यावर पातळ होऊन सरकणारी वस्तू आत आहे, असं त्यांचं म्हणणं.

प्लेटची कोणती बाजू ओली आहे?

गिअरबॉक्स उतरवल्यावर माझा हात लगेच चिंधीकडे गेला. काकांनी तो धरला. काहीही पुसायच्या आधी नीट बघायचं, फोटो काढायचे. पुसलं की पुरावा गेला.

प्लेट सुटी करताना फ्लायव्हीलकडची बाजू कोणती, ते खडूने लिहून ठेवा. माझ्या प्लेटवर मध्यापासून बाहेर पसरलेले चिकट पट्टे होते, सूर्याच्या चित्रातल्या किरणांसारखे, आणि जवळजवळ सगळे फ्लायव्हीलच्या बाजूला. प्रेशरकडची बाजू कोरडी होती. एवढ्यावरून अर्धं उत्तर मिळालं. माल गिअरबॉक्सकडून आलेला नाही, इंजिनकडून आलाय.

इंजिनकडून येऊ शकतं ते क्रँकच्या मागच्या सीलमधून गळणारं इंजिन ऑइल. ते काळं आणि पातळ असतं. फ्लायव्हीलच्या मागे, सीलच्या खाली ओघळ दिसतो. इथे ओघळ नव्हता. गिअरबॉक्सच्या सीलमधून आलेलं ऑइल असतं तर त्याला गंधकाचा उग्र वास आला असता आणि डाग प्रेशरच्या बाजूला जास्त असते. माझ्या प्लेटवरचा चिकटा पिवळट तपकिरी होता, बोटांत चोळला की तार धरत होता. ग्रीसच. काका स्वतःशीच म्हणाले, ‘ह्यां ग्रीस खयसून इलां?’

पायलटच्या भोकात त्यांनी सायकलची जुनी तार घातली आणि वाकवून बाहेर ओढली. तारेला पिवळं ग्रीस लागून आलं. परत घातली, परत आलं. शेवटी पायलटचा बुश काढला (माझ्या जीपला तिथे गोळ्यांच्या बेअरिंगऐवजी धातूची साधी नळी आहे), तर क्रँकच्या टोकाचा सगळा खड्डा ग्रीसने गच्च भरलेला, पातेल्याच्या तळाशी राहिलेल्या श्रीखंडासारखा. चहाचे दोन चमचे भरून तर नक्कीच निघालं असेल.

ते तिथे कसं गेलं

पायलटचा जुना बुश काढायची एक युक्ती सगळ्या फिटर लोकांना ठाऊक असते. बुशच्या भोकात ग्रीस ठासून भरायचं, भोकात घट्ट बसेल अशी गोल सळई लावायची आणि हातोडा मारायचा. ग्रीस दबत नाही, त्याला जायला जागा नसते, म्हणून ते मागून बुशला बाहेर ढकलतं. पुलर नसेल तर उत्तम उपाय आहे, मी आजही वापरतो. पण बुश बाहेर आल्यावर तो खड्डा पार कोरडा करावा लागतो. माझ्या जीपच्या पहिल्या कामात बुश असाच काढला गेला, खड्डा तसाच राहिला आणि वर नवा बुश ठोकला गेला.

पुढे काय होतं ते बघा. गिअरबॉक्स चढवताना क्लच शाफ्टचं टोक बुशमध्ये शिरतं आणि पिचकारीतल्या दट्ट्यासारखं काम करतं. खड्ड्यात जागा नसल्यामुळे थोडं ग्रीस त्याच क्षणी शाफ्टच्या बाजूने बाहेर येतं. उरलेलं दर वेळी इंजिन तापलं की पातळ होऊन झिरपत राहतं. बाहेर आलेल्या प्रत्येक थेंबाला फिरणारा शाफ्ट आणि प्लेट भिरकावून देतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरतंय आणि शाफ्टची त्रिज्या १२ मिलिमीटर आहे असं धरा. त्या कडेवरच्या ग्रीसवर बाहेर फेकणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १२० पट येतो. मध्यापासून १०० मिलिमीटरवर, म्हणजे प्लेटच्या लाइनिंगपाशी (घासणाऱ्या थरापाशी), तोच हजारपटीच्या घरात जातो. तिथे ‘जरा जास्त लागलं तर काय बिघडतं’ हे चालत नाही. जास्तीचं ग्रीस लाइनिंगवर जाणारच, प्रश्न फक्त किती दिवसांत एवढाच.

दुसऱ्या वेळी फक्त प्लेट बदलली, बुशला हात लावला नाही, म्हणून खड्डा भरलेलाच राहिला. प्लेट डुप्लिकेट नव्हती. मी उगाच त्या दुकानदाराशी भांडून आलो होतो. नंतर जाऊन त्याला खरं काय ते सांगितलं.

पायलटला काय हवं असतं

सगळ्या पायलटना एकच औषध चालत नाही.

बुश असेल तर तो कशाचा आहे ते बघा. आपण सरसकट पितळी म्हणतो, पण चांगला बुश बहुतेक वेळा कांस्याची पूड दाबून, भाजून केलेला असतो आणि त्याच्या अंगात बारीक छिद्रं असतात. ती छिद्रं तेल धरून ठेवतात आणि गरम झाल्यावर सोडतात. अशा बुशला ग्रीस लावलं तर छिद्रं बुजतात आणि त्याचं स्वतःचं वंगण बंद पडतं. त्याला हवं स्वच्छ इंजिन ऑइल. रात्रभर तेलात बुडवून ठेवा. घाई असेल तर बुशच्या पोटात तेल भरा, दोन्ही तोंडं अंगठा आणि बोटाने बंद करा आणि जोरात दाबा. बाहेरच्या अंगावर घामासारखे तेलाचे बारीक थेंब दिसले की समजा, तेल मुरलं. बसवण्याआधी बाहेरून पुसून घ्या. बाजारात लोखंडाचे बुशही येतात, चुंबक लावून बघा. चिकटला तर परत करा, तो शाफ्टचं टोक खातो.

पायलट सुयांचं बेअरिंग असेल, तर सुयांच्या मधल्या फटीत पुरेल एवढंच जास्त तापमानाचं ग्रीस. मागच्या खड्ड्यात काहीही नाही. दोन्ही बाजूंनी सील असलेलं गोळ्यांचं बेअरिंग असेल, तर त्याला कारखान्यातच ग्रीस भरलेलं असतं, बाहेरून काही लावायचं नाही. बसवताना ठोका फक्त बाहेरच्या रिंगवर. आतल्या रिंगवर ठोकलं की गोळ्यांचे खड्डे रिंगवर उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरतं.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांत पायलट नसतंच. काहींत ते फ्लायव्हीलच्या मध्यभागी असतं. उघडल्यावर बघा, गृहीत धरू नका.

रिलीज बेअरिंग: धुऊ नका

थरथरीनंतर सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे नवं बेअरिंग महिन्या-दोन महिन्यांत ओरडायला लागतं. त्याचं मूळ बहुतेक वेळा एका चांगल्या हेतूने लागलेल्या सवयीत असतं. आपल्याकडे गॅरेजमध्ये डिझेलचा किंवा रॉकेलचा ट्रे असतो, काढलेला प्रत्येक भाग त्यात धुतला जातो. चाकाचं बेअरिंग धुऊन परत ग्रीस भरणं बरोबरच आहे. रिलीज बेअरिंग मात्र सीलबंद असतं. डिझेल सीलच्या कडेने आत जातं, आतलं ग्रीस पातळ करतं, आणि बाहेरून नवं ग्रीस आत भरायला वाट नसते. वर हवेच्या पाइपने फिरवून वाळवलं की उरलंसुरलंही गेलं.

हाताने फिरवून बघा. ग्रीस शाबूत असलेलं बेअरिंग थोडं जड, मऊ फिरतं आणि हात सोडला की लगेच थांबतं. पंख्यासारखं गरगर फिरत राहिलं, तर त्यातलं ग्रीस गेलेलं आहे. फिरताना बोटांना खडे लागल्यासारखं वाटलं, तर ते कचऱ्यात. कोरड्या कापडाने पुसणं एवढीच त्याची स्वच्छता.

बाहेरून ग्रीस लावायचं ते बेअरिंग ज्या नळीवर पुढेमागे सरकतं तिथे, आणि तेही नळी व बेअरिंगचा आतला भाग दोन्ही धातूचे असतील तरच. काहींच्या आत एक गोल खाच असते, ती भरायची आणि नळीवर बोटाने जेमतेम चमक येईल इतका थर द्यायचा. आतला भाग प्लॅस्टिकचा असेल, तर डब्यातला कागद वाचा. अशी कित्येक बेअरिंग कोरडीच चालवायची असतात. त्यांना साधं ग्रीस लावलं की प्लेटची धूळ त्यात कालवली जाते आणि बेअरिंग नळीवर अडकायला लागतं. पेडल जड होतं, अर्ध्यातून झटका देऊन वर येतं. नळीवर खोल चरे पडले असतील तर ग्रीसने ते भरत नाहीत, नळी बदलावी लागते.

फोर्कच्या दोन टोकांना आणि तो ज्या गोळ्यावर डुलतो तिथे मुगाच्या दाण्याएवढं ग्रीस. बेअरिंगचं तोंड आणि प्रेशरचे फिंगर कोरडे ठेवा.

काही गाड्यांत फोर्क नसतो. बेअरिंग आणि हायड्रॉलिक सिलिंडर एकत्रच शाफ्टभोवती बसवलेले असतात. तिथे ग्रीसचा डबा लांब ठेवा. ब्रेक ऑइलसाठी केलेलं रबर खनिज तेलाच्या ग्रीसने फुगतं आणि सील गळतं. बसवण्याआधी तो हाताने दाबूनही बघू नका.

जुन्या काही ट्रकांना रिलीज बेअरिंगसाठी ग्रीस निपल असतो, तिथे गनचे एक-दोनच दट्टे. आणि कुणाकडे एमजीबी किंवा मॉरिस मायनरसारखी हौसेने जपलेली ब्रिटिश गाडी असेल, तर तिच्यात मुळात गोळ्यांचं बेअरिंग नसून कार्बनची कडी असते. ती कोरडी घासण्यासाठीच बनवलेली आहे, तिच्या तोंडाला वंगण अजिबात नको.

स्प्लाइनच्या खाचा

प्लेट क्लच शाफ्टच्या खाचांवर मागेपुढे सरकली पाहिजे. पेडल दाबल्यावर ती फ्लायव्हीलपासून सुटते ती याच सरकण्यामुळे. कोकणात हा प्रश्न जास्त येतो. पावसाळ्यात चार महिने गाडी उभी राहिली की हवेतली ओल बेल हाऊसिंगमध्ये (क्लचवरच्या कवचात) शिरते, खाचांवर गंज धरतो आणि प्लेट अडकते. मग गिअर पडत नाही, पडला तर खरखरतो. गंज दिसला की लोक ढीगभर ग्रीस थापतात आणि एका दुखण्याच्या जागी दुसरं घेऊन बसतात.

आधी तारेच्या ब्रशने खाचा स्वच्छ करा, ब्रेक क्लीनर मारून पुसा. मग नवी प्लेट कोरड्या शाफ्टवर चढवून बघा. ती कोरडीही मोकळी सरकली पाहिजे. अडकत असेल तर प्लेट चुकीची आहे किंवा खाचेच्या कडेला धार आलीय, ती बारीक कानशीने काढा. न सरकणारी प्लेट ग्रीसने सरकवायची नसते. ही कोरडी चाचणी कुणीच करत नाही, आणि माझ्या मते या सगळ्या कामात तिच्याइतका उपयोगी अर्धा मिनिट दुसरा नाही.

प्लेटच्या मधल्या भागावर चांदीसारखा चकचकीत निकेलचा मुलामा असेल, तर ग्रीस लागतच नाही, कोरडीच बसवा. मुलामा नसेल तर जुन्या दात घासायच्या ब्रशने खाचांवर हलकं ग्रीस फिरवा. प्लेट चढवा, दोन-तीनदा मागेपुढे करा, काढा. आतल्या तोंडाशी आणि बाहेरच्या कडेला ग्रीसची छोटी कड जमलेली दिसेल. ती पूर्ण पुसून टाका, शाफ्टचं पुढचं टोकही पुसा. खाचांच्या तळाशी जे चमकत राहतं, तेवढंच हवं असतं. इथेच काका म्हणाले होते, ‘ग्रीस लावूक सगळ्यांका येता, पुसूक येवक व्हया.’

कोणतं ग्रीस

सेटच्या डब्यात छोटी पुडी आली असेल तर तीच वापरा, दुसरा विचार नको. पुडी अगदी लहान असते, ते बरोबर आहे. तेवढंच लागतं.

नसेल तर जास्त तापमानाचं लिथियम किंवा लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस. साध्या लिथियम ग्रीसचा थेंब सुटायला १८० अंशांच्या आसपास तापमान लागतं. दुकानात सुटं मिळणारं स्वस्त चेसी ग्रीस बऱ्याचदा कॅल्शियमचं असतं, ते १०० अंशांच्या आतच वितळायला लागतं. माझ्या क्रँकच्या खड्ड्यातलंही तसलंच निघालं असावं, कारण काकांनी त्यातलं थोडं चमच्यात घेऊन मेणबत्तीवर धरलं, तर ते बघता बघता पाण्यासारखं झालं. घाटात अर्धा क्लच धरून रांगेत सरकताना बेल हाऊसिंगमध्ये तेवढी उष्णता सहज होते. धातूवर धातू सरकतो अशा खाचांना काळं मॉली ग्रीसही चालतं, प्लॅस्टिकच्या भागांना ते लावू नका. तांब्याची पूड असलेलं ग्रीस स्प्लाइनवर वापरू नका. ते सायलेन्सरच्या बोल्टसाठी चांगलं. इथे त्याचा घट्ट लगदा होतो आणि प्लेट अडकते.

ग्रीस लागलेली प्लेट वाचते का?

वरवर बोट लागलं असेल आणि गाडी चाललेली नसेल, तर ब्रेक क्लीनरने लगेच पुसून निभावतं. पण ग्रीस लागलेल्या प्लेटवर गाडी तापली असेल, तर ते लाइनिंगमध्ये मुरतं. पेट्रोलने धुवा, पॉलिश पेपर मारा, पहिले काही दिवस बरं वाटतं आणि गरम झाल्यावर आतलं परत वर येतं. मी दुसरी प्लेट वाचवायचा मोह आवरला नव्हता, काकांनी ती हातातून काढून घेतली. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट मात्र स्वच्छ करून, बारीक पॉलिश पेपर मारून वापरता येतात, वर निळे डाग किंवा तडे नसतील तर.

बेल हाऊसिंगमधली काळी धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या प्लेटच्या लाइनिंगमध्ये अस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला मास्क लावा.

चढवताना

प्लेट डमी शाफ्टने मध्यावर धरून प्रेशरचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळा. गिअरबॉक्स जागेवर जात नसेल, तर तो प्लेटवर लटकत सोडू नका आणि बोल्ट आवळून ओढून घेऊ नका. प्लेटचा मधला भाग वाकतो, आणि मग ग्रीस कितीही बरोबर असलं तरी थरथर राहते. आम्ही दोघं आणि एक शेजारी असे तिघं होतो, तरी पाऊण तास गेला. हात ग्रीसचे असतील तर प्लेट धरण्याआधी साबणाने धुवा. प्लेट कायम कडेला धरा.

पेडलचा फ्री प्ले (सुरुवातीची मोकळी चाल) गाडीच्या पुस्तकात दिलाय तेवढा ठेवा. आणि गाडी चालवताना पेडलवर पाय टेकवून ठेवायची सवय असेल तर ती सोडा, त्याने रिलीज बेअरिंग दिवसभर फिरत राहतं. घाटात थांबल्यावर हँडब्रेक ओढा, गाडी क्लचवर धरून ठेवू नका. पहिले ५०० किलोमीटर मी माल निम्माच भरला.

यंदाच्या पावसात जीप नेहमीसारखी चालली. आंबोलीच्या धबधब्यापाशी शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, तिथे ओल्या चढावर वीस-वीस मिनिटं थांबत, सरकत जावं लागतं. तिथेही बॉनेट हललं नाही. तरी गेल्या आठवड्यात मनाचं समाधान म्हणून बेल हाऊसिंगचं खालचं पत्र्याचं झाकण खोललं, बॅटरी मारली आणि फ्लायव्हीलच्या कडेवर बोट फिरवलं. बोटाला कोरडी काळी धूळ लागली, चिकटा नव्हता.